पुस्तकाविना आलेला ट्रॅक्टर: जुना ग्रे मार्केट ट्रॅक्टर घेताना आणि सांभाळताना

जपानमधल्या भातखाचरात पंधरा-वीस वर्षं राबलेला छोटा ट्रॅक्टर कंटेनरमधून दुसऱ्या देशात उतरतो, तेव्हा यंत्र सगळं येतं. मागे राहतं ते पुस्तक, कंपनीचा आधार आणि आधीच्या मालकाने तो कसा वापरला याची माहिती. ग्रे मार्केट म्हणतात ते यालाच. माल अस्सल, कंपनीनेच बनवलेला; पण जपानच्या बाजारासाठी बनवलेला आणि कंपनीच्या विक्रेत्यांना वळसा घालून तिसऱ्याच माणसाने आणलेला.

यावरून अमेरिकेत मोठा खटला झाला. कुबोटाच्या तक्रारीवरून तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने १९९७ मध्ये कुबोटा नावाच्या अशा वापरलेल्या ट्रॅक्टरांची आयात अडवली आणि १९९९ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. कारणं वाचण्यासारखी आहेत: धोक्याच्या सूचना जपानीत, पुस्तक नाही, सुटे भाग वेगळे, सर्व्हिसची सोय नाही. मला वाटतं, असा ट्रॅक्टर घेणाऱ्याने ही यादीच भिंतीवर लावावी. कंपनी जे देणार नाही, ते सगळं आता आपल्याला उभं करायचं आहे. ज्याला हात काळे करायची आणि वही लिहायची आवड नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

माझ्याकडे यानमारचा दोन सिलिंडरचा वायएम २००० आहे. उदाहरणं बरीचशी त्याचीच येतील, पण कुबोटा, इसेकी, मित्सुबिशी, शिबौरा, हिनोमोतो यांनाही बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी नाव-गाव विचारा

सौदा करायच्या आधी मॉडेल, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर लिहून घ्या. चॅसी नंबरची पट्टी बहुधा गिअरबॉक्सच्या बाजूला किंवा सीटखाली असते. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. बॉनेटवरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका. रंग मारताना स्टिकर नवे लावतात आणि हाताला येईल ते लावतात. मॉडेलच्या शेपटातलं अक्षरही महत्त्वाचं. यानमारमध्ये ‘डी’ आणि कुबोटात ‘डीटी’ म्हणजे चारही चाकांना ड्राइव्ह.

मग त्याचा परदेशातला भाऊ शोधा. जपानी कंपन्यांनी तीच यंत्रं किरकोळ फरकाने निर्यातीसाठी आणि दुसऱ्यांच्या नावानेही बनवली. वायएम २००० चा निर्यातीतला जोडीदार वायएम २४०. जॉन डिअरचे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलेले ८५० आणि ९५० यानमारनेच बनवलेले. फोर्डचे छोटे ट्रॅक्टर शिबौराचे, बोलेन्सचे इसेकीचे, अॅलिस चाल्मर्सचे ५०२० आणि ५०३० हिनोमोतोवाल्या तोयोशाचे. जपानी मॉडेलचं इंग्रजी पुस्तक मिळत नाही, पण भावाचं मिळतं. आणि इंजिन, क्लच, फिल्टर यांच्यासाठी ते पुष्कळदा पुरतं.

पुष्कळदा म्हटलं, नेहमी नाही. पीटीओचा (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा) वेग, हायड्रॉलिकचे जोड, रिमचा आकार आणि पुढचा अॅक्सल हे भाग जपानी आवृत्तीत वेगळे असू शकतात. भावाच्या पुस्तकातला आकडा आपल्या यंत्रावर मोजून बघितल्याशिवाय खरा मानू नये. मी वहीत दोन रकाने ठेवले आहेत: ‘पुस्तकात’ आणि ‘मोजलं’.

विकत घेण्याआधी आणखी एक फोन करा, सुटे भाग विकणाऱ्याला. या मॉडेलची क्लच प्लेट, हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील), वॉटर पंप आणि पुढच्या अॅक्सलचे सील आज मिळतात का? चारपैकी दोन मिळत नसतील तर ट्रॅक्टर कितीही देखणा असला तरी सोडा. चांगल्या स्थितीतल्या दुर्मिळ मॉडेलपेक्षा थोडं झिजलेलं पण सगळीकडे आढळणारं मॉडेल परवडतं.

रंगाखाली काय आहे

‘पूर्ण नूतनीकरण केलेला’ म्हणून येणारे बरेच ट्रॅक्टर नुसते रंगवलेले असतात. ग्रीसच्या निपलवर, रबरी पाइपांवर, ऑइल सीलच्या ओठावर रंग दिसला, तर समजा की खोलून काही केलेलं नाही, वरून फवारलंय. तासांचं मीटर ही सांगोवांगी. खरे तास क्लच-ब्रेकच्या पेडलांवर, पीटीओच्या दात्यांवर, अवजार जोडायच्या खालच्या लिंकच्या गोळ्यांवर आणि वरच्या टॉप लिंकच्या भोकात लिहिलेले असतात. पेडलाचं रबर नवं आणि खालचं लोखंड घासून चकचकीत, भोक लंबगोल झालेलं, तरी मीटरवर ६०० तास? मग मीटर तरी बदललंय, नाहीतर थांबलंय. जुनी यांत्रिक मीटरं इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात, घड्याळावर नाही. हळू आरपीएमवर तासभर चालवलं तर मीटर तासभर पुढे जात नाही.

इंजिन थंड असताना पोचा. विक्रेत्याला तसं आधी सांगा आणि पोचल्यावर ब्लॉकला हात लावा. गरम असेल तर चहा प्या, दोन तासांनी परत या. जुनं डिझेल इंजिन गरमीत सगळंच लपवतं. थंडीत सुरू होताना पांढुरका धूर येऊन मिनिटाभरात निवळला तर ठीक. निळसर धूर टिकून राहिला तर ऑइल जळतंय. काळा धूर फक्त ओझ्याखाली, क्षणभर चालतो. ऑइल भरायचं झाकण काढून उलटं तोंडावर ठेवा: थोडं थरथरलं तर वयाचा भाग, उडून पडलं तर रिंग-पिस्टनचा खर्च धरा. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच काढा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा चालू करताच सतत बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट, किंवा त्याहून वाईट.

आता मागे या. या ट्रॅक्टरांचं आयुष्य चिखलणीत गेलेलं असतं, म्हणून इंजिनापेक्षा मला भीती गिअरबॉक्स आणि पुढच्या अॅक्सलची. पुढच्या चाकाच्या हबचा खालचा बोल्ट जरा ढिला करा. दुधाच्या चहासारखं तेल आलं तर सील गेलंय आणि आतली बेअरिंगं चिखलपाण्यात फिरलीत. हे एकच कारण सौदा मोडायला पुरेसं नाही, पण किंमत मोडायला आहे. गिअरच्या दांड्याचा रबरी बूट फाटलेला असेल तर पावसाचं पाणी वर्षानुवर्षं तिथूनच आत गेलेलं असतं. माझ्या ट्रॅक्टरमध्ये तसंच होतं. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत आणि आत तेलाखाली लोटाभर पाणी.

शेवटी हायड्रॉलिक. मागे वजन लावा, वर उचला, इंजिन बंद करा. अर्ध्या तासात हळूहळू खाली आलं तर चालेल. दोन मिनिटांत जमिनीला टेकलं तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह. चालू असताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर पंप बदलायची घाई करू नका. बहुतेकदा सक्शनची जाळी तुंबलेली असते किंवा सक्शन पाइपाच्या ओ-रिंगमधून पंप हवा ओढत असतो.

घरी आणल्यावरचा पहिला आठवडा

आणल्या-आणल्या शेतात घालू नका. आधी सगळी तेलं काढा, चांगली दिसली तरी. इंजिन ऑइल आणि फिल्टर, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक, पुढचा डिफरन्शियल आणि हब, स्टेअरिंग बॉक्स. पुष्कळ मॉडेलांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं, चार चाकांच्या ड्राइव्हचं पुढचं तेल वेगळं. गिअरबॉक्सला निचऱ्याचे बोल्ट एकाहून जास्त असतात. एकच उघडला तर निम्मं तेल आणि सगळा गाळ आतच राहतो. पोटाखाली आडवं पडून सगळे शोधा, त्यांचा फोटो काढून वहीत चिकटवा. बोल्टला लागून आलेली बारीक राखाडी पेस्ट चालते. बोटाला टोचणारा कपचा आला तर तो जपून ठेवा आणि कुठल्या दात्याचा आहे ते शोधा.

तेल पाणीमिश्रित असेल तर एकदा स्वस्त नवं तेल भरा, तासभर हलकं चालवून गरम असतानाच काढा, मग खरं तेल भरा. एकत्र टाकीच्या ट्रॅक्टरला ट्रॅक्टरसाठीचंच ट्रान्समिशन-हायड्रॉलिक तेल लागतं, ज्याच्या डब्यावर जे-२०-सी या दर्जाचा उल्लेख असतो. पॉवरशिफ्ट (क्लच न दाबता गिअर बदलणाऱ्या) मॉडेलमध्ये तर दुसरं काही घालूच नका; आतल्या क्लच प्लेटा घट्ट गिअर ऑइलमध्ये नीट पकडत नाहीत. आणि हो, नवं तेल भरायच्या आधी तो गिअरचा बूट बदला. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हीच कहाणी.

मग पाणी. यानमारच्या काही जुन्या दोन सिलिंडरच्या इंजिनांना वॉटर पंपच नसतो. गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड खाली येतं, त्यावर सगळं चालतं. पंप दिसला नाही म्हणून घाबरू नका, पण एक नियम काटेकोर पाळा: पाण्याची पातळी वरच्या पाइपाच्या तोंडाच्या वरच हवी. ती खाली गेली की फिरणं थांबतं आणि रेडिएटरमध्ये पाणी दिसत असूनही हेड तापतं. रेडिएटरच्या जाळीतला भुसा आतून बाहेर, म्हणजे पंख्याकडून पुढे, हवेने काढा. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं.

डिझेलची टाकी रिकामी करून आत टॉर्च मारा. गंजाचे पापुद्रे असतील तर टाकी उतरवून धुवा, नाहीतर फिल्टर आठवड्याला तुंबेल. सगळे रबरी डिझेल पाइप बदला, तडे दिसोत वा न दिसोत. यानंतर एअर काढायचीच आहे. क्रम तोच पाळा जो डिझेलचा प्रवास आहे: टाकीचा कॉक उघडा, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत वाहू द्या, मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, आणि तरीही सुरू झालं नाही तर नोझलकडचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा. तिथे डिझेल दिसलं की कसा. नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट कधीच धरू नका. ते डिझेल कातडीतून आत शिरतं; जखम टाचणीएवढी दिसते, पण ते थेट रुग्णालयात जाण्याचं प्रकरण आहे.

सुरू करण्याच्या पद्धतीबद्दल दोन शब्द. थंड इंजिन तापवायला काहींना ग्लो प्लग असतात, काहींना हवेच्या वाटेत तापणारी तार. डिकॉम्प्रेशनचा खटका असेल तर तो ओढून इंजिन आधी मोकळं फिरवा, वेग आला की सोडा. इंजिन बंद करायला मात्र तो वापरू नका, त्यासाठी डिझेल तोडायची वेगळी मूठ असते. आणि ईथरचा फवारा मारायचा मोह टाळा. तापलेल्या ग्लो प्लगवर तो पडला तर सिलिंडरमध्ये वेळेआधीच स्फोट होतो, पिस्टन फुटतो. थंडीत सुरू होत नसेल तर ग्लो प्लग, बॅटरी आणि जाड केबल या तीन गोष्टी बघा.

जपानी अक्षरांचं काय? मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक दांडा हलवून बघा आणि त्याच्याशेजारी पक्क्या रंगाने मराठीत लिहा: हळू, जोरात, मोकळा, पीटीओ, बंद. ट्रॅक्टर फक्त आपणच चालवतो असं वाटत असतं. अडचणीच्या वेळी दुसऱ्याच कोणाला तरी तो बंद करावा लागतो.

पीटीओ: इथे घाई नको

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. जपानी ट्रॅक्टर मुख्यतः स्वतःच्या रोटाव्हेटरसाठी बनलेला, म्हणून पीटीओला तीन-चार वेग असतात. बाहेरची बहुतेक अवजारं ५४० फेऱ्यांची. ती सहसा पहिल्या वेगावरच चालवायची असतात. वरचे वेग ८००, १००० किंवा त्याहूनही पुढे जातात. गवत कापायचं यंत्र चुकून तिसऱ्या वेगावर टाकलं तर पाती बंदुकीच्या गोळीसारखी सुटू शकते. पट्टीवर लिहिलेल्या आकड्यावर समाधान मानू नका. शाफ्टवर चकचकीत पट्टी चिकटवून प्रकाशावर चालणाऱ्या टॅकोमीटरने एकदा मोजा आणि ५४० कुठल्या इंजिन आरपीएमला येतात, तिथे मीटरवर रंगाचा ठिपका द्या.

दुसरी गोष्ट मी अंगावर घेऊन शिकलो. जुन्या मॉडेलांत क्लच एकच, आणि गिअरबॉक्स व पीटीओ दोन्ही त्याच्या मागे एकमेकांना जोडलेले. रोटरी मोवर जोरात फिरत असताना मी कुंपणापाशी क्लच दाबला. ट्रॅक्टर थांबला नाही. इंजिन सुटलं होतं, पण मोवरची जड पाती फिरतच होती आणि तिचा जोर शाफ्टमधून गिअरबॉक्समध्ये उलटा येऊन चाकांना ढकलत होता. ब्रेकवर उभा राहिलो, तरी दोन हात पुढे जाऊन तारेत थांबलो. तारेच्या जागी माणूस असता तर?

यावर इलाज सोपा आहे. पीटीओच्या टोकाला ओव्हररनिंग क्लच बसवा. तो जोर फक्त ट्रॅक्टरकडून अवजाराकडे जाऊ देतो. बसवल्यावर तेवढ्या लांबीने शाफ्ट लांब होतो हे लक्षात ठेवा. अवजार वर-खाली करून सगळ्यात कमी अंतरालाही नळ्या एकमेकींना टेकत नाहीत, दोन-तीन सेंटीमीटर मोकळे राहतात, इतका तो कापा. न कापता वापरलं तर शाफ्ट गिअरबॉक्सचं बेअरिंगच आत ढकलतो. रोटाव्हेटरला या क्लचची गरज नाही, त्याची पाती मातीत अडकून लगेच थांबते.

शाफ्टवरचं प्लास्टिकचं कवच प्रवासात हरवलेलं असतं. ते नवं घ्या. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९. सदऱ्याची बाही गुंडाळली जायला एवढा वेळ पुरतो, हात मागे घ्यायला पुरत नाही.

सोबत आलेला जपानी रोटाव्हेटर चांगला असतो, पण त्याची जोडणी कधी कधी खास त्याच ट्रॅक्टरची असते. इतर अवजारं लावण्याआधी पिना मोजा: कॅटेगरी १ च्या खालच्या पिना साधारण २२ मिलिमीटर आणि वरची १९, कॅटेगरी ० च्या १६. रोटाव्हेटरच्या बाजूच्या चेन केसमधलं तेल हमखास विसरलं जातं.

उलटण्याची गोष्ट

जुन्यांपैकी बऱ्याच ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट नसते. हलका, अरुंद, थोडा उंच ट्रॅक्टर बांधावरून कलंडायला वेळ लागत नाही आणि मागे उलाळला तर सावरायला पाऊण सेकंदही मिळत नाही. परीक्षण झालेली, आपल्या मॉडेलला बसणारी चौकट मिळत असेल तर कुठल्याही अवजाराच्या आधी ती घ्या आणि तिच्यासोबत सीटबेल्ट लावा. चौकट नसताना बेल्ट बांधू नका. आणि गावच्या वेल्डरकडून पाइपाची चौकट करून घेतली म्हणजे काम झालं असंही नाही. ओझं आलं की ती वेल्डापाशी तुटते, आणि ती आहे म्हणून चालक जास्त धाडस करतो हे वेगळंच. ओढायचं ते नेहमी खालच्या ड्रॉबारला बांधून. टॉप लिंकच्या जागी किंवा अॅक्सलच्या वर साखळी बांधली की पुढची चाकं उचलतात.

जुन्या मॉडेलांत गिअरमध्ये असताना सेल्फ न लागू देणारा स्विच नसतो, किंवा कुणीतरी तारा थेट जोडून तो निकामी केलेला असतो. खाली उभं राहून पान्याने सेल्फची दोन टोकं जोडून सुरू करणं हा मागच्या चाकाखाली जाण्याचा सरळ रस्ता आहे. स्विच नसेल तर क्लच पेडलापाशी नवा बसवा. दोन तारांचं काम आहे.

लोडर (माती उचलायची पुढची बादली) बसवायचा मोह सगळ्यांना होतो. पुढचा अॅक्सल त्यासाठी बनलेला नसतो. बसवायचाच असेल तर मागच्या अॅक्सलपर्यंत जाणाऱ्या चौकटीवर, मागे वजन लावून, आणि बादली जमिनीलगत ठेवून.

सुट्या भागांची भाषा

दुकानदाराला ‘जपानी यानमार वायएम २००० चं पुढच्या हबचं सील’ म्हणालात तर तो मान हलवेल. ‘३५-५२-८’ म्हणालात तर फडताळातून काढून देईल. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. बेअरिंगचंही तसंच: ६२०५ हा आकडा जगभर एकाच मापाचा, कंपनी कोणतीही असो. म्हणून खोललेला प्रत्येक भाग पुसून त्यावरचे आकडे वहीत लिहायचे, आणि ज्याच्यावर नसतील तो कॅलिपरने मोजायचा. वर्षभरात अशी वही तयार होते की कंपनीचं पुस्तक मिळालं नाही तरी काम अडत नाही. फिल्टरचंही हेच: आटे, रबरी रिंगचा व्यास आणि उंची जुळवा. पण इंजिन ऑइलच्या फिल्टरला नुसते आटे जुळून भागत नाही, बायपास व्हॉल्व्हही (फिल्टर तुंबला तरी ऑइल जाऊ देणारा) हवा. तिथे भावाच्या मॉडेलचा फिल्टर घेणं शहाणपणाचं.

बोल्ट मेट्रिक आहेत, पण डोकी थोडी वेगळी. ८ च्या बोल्टला १३ ऐवजी १२ चा पाना, १० च्याला १७ ऐवजी १४ चा, असं पुष्कळदा निघतं. १२ आणि १४ चे चांगले पाने घ्या. फुलीचे स्क्रूही साधे नसतात. साधा फिलिप्स पेचकस त्यातून वर सरकतो आणि डोकं खातो. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर तो जपानी मापाचा. त्याचा पेचकस वेगळा मिळतो. मी तो घेतल्यापासून ड्रिलने स्क्रू काढायची वेळ आलेली नाही.

हायड्रॉलिकच्या जोडांमध्ये खरी मेख आहे. जपानी पाइपाच्या तोंडाचा उतार बहुधा ३० अंशांचा, अमेरिकी पद्धतीचा ३७. दिसायला सारखे, कधी आटेही दोन फेऱ्या जातात, मग गळायला लागतं. गळतं म्हणून माणूस आणखी कसतो आणि तोंडच चेपतं. जुना पाइप दुकानात घेऊन जा आणि तोच जोड नव्या पाइपावर बसवून घ्या. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा.

चार चाकं आणि टायर

भातखाचराचे उंच खाचांचे टायर काढून दुसरे बसवायचे झाले तर आधी गणित करा. चारही चाकांच्या ड्राइव्हमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जोरात, १ ते ५ टक्के, ओढती हवीत. मोजायची रीत अशी: ड्राइव्ह काढून सपाट जागेवर मागच्या चाकाच्या १० फेऱ्या होईपर्यंत पुढच्या चाकाच्या फेऱ्या खडूच्या खुणेने मोजा. मग ड्राइव्ह घालून मोकळ्या मातीवर तेच करा. पहिल्यांदा १५.१ आणि दुसऱ्यांदा १५.६ आल्या, तर फरक सुमारे ३ टक्के, म्हणजे ठीक. फरक शून्य किंवा उणे आला, अथवा ५ च्या वर गेला, तर टायरची जोडी चुकली आहे. गिअर एकमेकांशी भांडत राहतात आणि सगळ्यात कमकुवत दाता तुटतो. पक्क्या रस्त्यावर ड्राइव्ह नेहमी काढलेला ठेवा.

रोजचं आणि वर्षाचं

रोज सकाळी ऑइल, पाणी आणि खाली जमिनीवर पडलेले डाग. डाग कुठल्या जागेखाली आहे हे बघितलं की कुठलं सील कधी जाणार ते महिनाभर आधी कळतं. ग्रीस ८-१० तासांनी, चिखलात काम केलं तर त्याच संध्याकाळी. जुनं ग्रीस पाण्यासकट बाहेर येईपर्यंत मारायचं. इंजिन ऑइल मी १०० तासांनी बदलतो, मीटर बेभरवशाचं वाटलं तर वर्षातून एकदा हमखास. एअर क्लीनर तेलाचा असेल तर त्याची वाटी धुळीच्या दिवसांत दर आठवड्याला उघडतो. क्लच पेडलाची मोकळी चाल मोजून लिहून ठेवा. ती कमी होत गेली तर प्लेट झिजते आहे, आणि ट्रॅक्टर मधोमध उकलायची तयारी सवडीच्या हंगामात करता येते.

काही महिने उभा करायचा असेल तर टाकी डिझेलने काठोकाठ भरा, म्हणजे आत पाणी धरत नाही. बॅटरीची काळी केबल काढा, धुराच्या नळकांड्यावर डबा पालथा घाला. आणि क्लच पेडल दाबून लाकडाच्या ठोकळ्याने किंवा कडीने तसंच अडकवून ठेवा. दमट हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी पेडल दाबूनही गिअर पडत नाही. ठोकळ्यावर लाल रंग द्या आणि किल्ली त्यालाच बांधून ठेवा, म्हणजे ठोकळा काढल्याशिवाय कोणाला ट्रॅक्टर सुरू करता येणार नाही.